पारख्याची वाटी

कापसाची पारख डोळ्यांनी करू नये, असा जानरावांचा सिद्धांत होता आणि तो पटवण्यासाठी ते कोणाशीही दिवस मावळेपर्यंत वाद घालीत. डोळा मुरवतीचा असतो, असे त्यांचे म्हणणे. तो आधी गाडीवानाचे पागोटे पाहतो, मग बैल पाहतो, मग आपले आणि मालकाचे नाते आठवतो, आणि सर्वांच्या शेवटी कापूस पाहतो. म्हणून अमरावतीच्या बाजारात गाडी समोर उभी राहिली की जानराव डोळे मिटीत, हात कोपरापर्यंत मालात खुपसून तळाची चिमूट काढीत आणि ती कानाशी धरून हळूच ओढीत. लांब धाग्याची बनी सुटताना कुजबुजते, आखूड धाग्याची जरी तडकते, आणि वजनासाठी पाणी मारलेला कापूस मुकाट्याने तुटतो. चिमूट टाकून ते एकच शब्द उच्चारीत, आणि तो शब्द विकणारा व घेणारा दोघेही मान्य करीत. नांदगाव खंडेश्वराकडून आलेल्या या कुणब्याजवळ त्या शब्दावाचून दुसरी पुंजी नव्हती.

ते साल अठराशे चौसष्ट. अमेरिकेत भाऊबंदकी पेटून लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांची भूक वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर येऊन पडली होती. पूर्वी ज्यांनी अमरावतीचे नावही ऐकले नव्हते असे साहेब लोक आता परकोटाबाहेर बंगले बांधून राहू लागले. त्यांतलेच एक डंकन साहेब. वय पन्नाशीचे, बायकामुले समुद्रापार, स्वभाव अबोल, आणि शौक एकच: तांबड्या वाइनच्या बाटल्या. आगगाडी तेव्हा खानदेशापर्यंतच आली होती. तिथून पुढे त्या बाटल्या गवतात गुंडाळून बैलगाडीने येत, आणि आल्यावर उन्हाळ्यात नासून जात. जानराव रोज सायंकाळी बाजाराची हकीकत सांगायला बंगल्यावर जात. साहेबाची ही हळहळ ऐकून ते एकदा म्हणाले, "साहेब, आमी जवारी पेवात ठेवतो. वरतं आग बरसली तरी खाली तिले पत्ता नाही लागत. तुमी बी एक पेव खोदा."

पेव खोदले गेले. त्यावर लाकडी झडप बसली आणि झडपेची किल्ली खानसामा बुऱ्हान मियाँच्या कमरेला लटकली. बुऱ्हान मियाँ अकोल्याजवळच्या बाळापूरचे. तीस वर्षे साहेब लोकांच्या घरी चाकरी करून त्यांची दाढी पांढरी झाली होती, जीभ मात्र तिखट राहिली होती.

त्या थंडीत साहेबाने जानरावांना एक प्रश्न विचारला. जो माणूस डोळे मिटून दर्यापूरची चिमूट आणि नांदगावची चिमूट वेगळी सांगतो, त्याची जीभही तशीच आहे काय?

जानराव आठ दिवस स्वतःशी भांडले. दारू पिणे वेगळे आणि पारख करणे वेगळे, हा पहिला मुद्दा. वैद्य खोकल्यावर द्राक्षासव देतो, तेही द्राक्षांचेच आणि आंबवलेलेच, हा दुसरा. उरला साहेबाच्या भांड्याचा विटाळ. त्यावर तोड म्हणून नवव्या दिवशी त्यांनी घरातली एक पितळी वाटी उपरण्यात गुंडाळून नेली. वाटी ओट्यावर ठेवली, आणि बाटलीचा काठ तिला लागणार नाही अशा बेताने साहेबाने वरून धार धरली.

बुऱ्हान मियाँ हसू लागले. "वाह जानरावजी! कटोरी सोवळी, और अंदर का माल विलायती!"

"मियाँ, गंगेत कोन उतरते ते गंगा इचारत नाही," जानराव म्हणाले. "पन लोटा आपला पायजे."

पहिल्या घोटाने जीभ हिरड्याने आवळावी तशी आवळून आली. जानरावांनी तोंड वाकडे केले. पण मग, बऱ्याच वेळाने, जांभळाची बी चोखताना जी उरते तसली एक गोडी मागून हळूच आली, आणि ते सावध होऊन बसले. हा माल एकदाच बोलत नव्हता. तो थांबून थांबून बोलत होता.

पुढे आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, अशी बैठक होऊ लागली. घोटभर, त्याहून अधिक नाही. साहेबाने त्यांना शिकवले की वाइन ओतल्याबरोबर पिऊ नये, तिला थोडी हवा लागू द्यावी. जानरावांना हे तत्काळ पटले, कारण दाबून भरलेला कापूसही उन्हात पसरल्याशिवाय खरा दिसत नाही. वाटी भरली की ते बाजाराची सारी हकीकत आधी सांगत आणि मग ती तोंडाला लावीत. एक बाटली अंबाडीच्या बोंडांच्या सरबतासारखी पातळ आणि आंबट निघाली, पण तिचा वास असा होता की पहाटे ओल्या नांगरटीवरून चालत जावे. दुसरीला नव्या मोटेच्या चामड्याचा वास आला. पोर्तुगालची गोड वाइन चाखून ते म्हणाले, "ही तं काकवीची बहीन आहे." साहेब हे सारे एका वहीत लिहून ठेवी. निकाल मात्र जानराव बाजारच्याच भाषेत देत. ही बनी. ही जरी. "आन ही साहेब, जरीच; पन बनीच्या गाडीत बसून आली."

एकदा त्यांनी नुसता वास घेऊन वाटी खाली ठेवली. "बुचाले बुरशी आहे याच्या." बूच चिरून पाहिले, तर ते आतून काळे पडलेले. त्या दिवसापासून साहेबाचा स्वतःच्या जिभेपेक्षा जानरावांच्या जिभेवर अधिक विश्वास बसला. तीस वर्षे चिरूट ओढून ओढून आपली जीभ मेली आहे, असे तो म्हणे. जानरावांनी तर याच जिभेसाठी लहानपणापासूनची तंबाखू सोडून दिली.

"तंबाखू काहून सोडली जी?" त्यांची बायको माणिकबाई डोळे बारीक करून म्हणाली. "कोन्या बाबाच्या नादी लागले का?"

"तब्येतीसाठी सोडली."

"तब्येत तं मोठी चांगली दिसून राहिली. तोंड काहून लपवता मंग?"

कारण असे होते की बंगल्यावरून परतताना जानराव वाटेतल्या विहिरीवर थांबत, ती वाटी चिंच आणि राख लावून घासत, धूत, हुंगत, आणि पुन्हा घासत. आत वासाचा अंशही राहिला नाही अशी खात्री झाली म्हणजे ती गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे ठेवीत. गावात कल्हईवाला येई, घराघरातून भांडी निघत, आंबटाने कळकू नयेत म्हणून आतून कथिलाचा हात घेऊन पांढरीशुभ्र होऊन परत येत. कडब्यामागच्या वाटीला तो योग नव्हता.

माघ सरता सरता जानरावांना प्रत्येक वाइनमध्ये एक धार जाणवू लागली. पूर्वी ती जाणवत नव्हती. त्यांनी तिचा अर्थ असा लावला की आपली जीभ अधिक तयार होत आहे. असा अर्थ सुखाचा असतो, आणि सुखाचा अर्थ कोणी तपासून पाहत नाही.

फाल्गुनात एक पेटी आली. साहेबाच्या भावाने सोळा वर्षे जपून ठेवलेल्या बारा बाटल्या तीत होत्या. चार दिवस त्यांना पेवात विसावा दिला. पाचव्या दिवशी साहेबाने घरचा सण असावा तसा स्वच्छ पोशाख करून पहिली बाटली उघडली. वाटीत धार पडली. जानरावांनी त्या दिवशीची हकीकत सांगितली, ती नेहमीपेक्षा लांबली, आणि मग त्यांनी घोट घेतला.

तोंडभर कडवट, हिरवट, धातूसारखे काहीतरी पसरले. त्यांनी दुसरा घोट घेतला. तेच.

"साहेब," ते म्हणाले, "ह्याच्यात मिसळ आहे. कोनाचा तरी हात फिरला याच्यावरून."

पहिले वाक्य चवीचे होते. दुसरे बाजाराचे होते. कापसात जो दोष सापडतो तो माणसानेच घातलेला असतो. पाणी कोणीतरी मारलेले असते, सरकी कोणीतरी कालवलेली असते. वीस वर्षे दोषामागे हात शोधण्याची सवय लागलेल्या माणसाला हाताशिवायचा दोष सुचला नाही.

साहेबाने आपल्या ग्लासातून पुन्हा घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. आता त्यालाही ती कडवट लागली. मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या बुऱ्हान मियाँकडे पाहिले.

बुऱ्हान मियाँनी साहेबाकडे पाहिले नाही. ते जानरावांना म्हणाले, "ज़बान आपकी है जानरावजी, पर इज़्ज़त मेरी है. ज़रा सोच के बोलो."

"मी चव सांगतली मियाँ. नाव कोनाचं घेतलं नाही."

"किल्ली एक ही कमर पे है. और नाम कैसा लेते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बुऱ्हान मियाँना निरोप मिळाला. चांगल्या चालीची चिठ्ठी मिळाली नाही, आणि चिठ्ठीवाचून खानसाम्याला दुसऱ्या साहेबाच्या फाटकातही कोणी उभे करीत नाही. दुपारपर्यंत बाजारात बातमी पसरली की डंकन साहेबाचा बुढ्ढा बाटल्या पिऊन त्यांत भलतेच भरून ठेवीत होता, आणि जानरावांनी त्याला एका घोटात पकडला. लोकांनी जानरावांची वाहवा केली. कोणते भांडे, कोणाचा घोट, हे त्या भरात कोणी विचारले नाही. जानरावांनीही सांगितले नाही.

आठ दिवस गेले. घरी गाय व्याली म्हणून माणिकबाईने गोठ्यातला कडबा हलवला आणि तिला वाटी सापडली. जानराव बाजारातून उशिरा जेवायला आले, तेव्हा सकाळपासून त्याच वाटीत काढून ठेवलेले चिंचेचे सार तिने त्यांच्यापुढे सरकवले.

एक भुरका मारताच जानरावांचा हात तिथल्या तिथे थांबला.

"काय टाकलं याच्यात?"

"चिच, गूळ, मीठ. आनखीन काय टाकतात?"

"कळकलं आहे हे."

"कळकनारच!" माणिकबाईने वाटी उचलली, सार ओतून टाकले आणि ती दाराच्या उजेडात धरली. "पाहा ना जी आतून. कल्हई कुठी राह्यली? पार पिवळी झाली. राखेनं घासू घासू खाऊन टाकली कोनं तं. आन गोठ्यात लपवाले हे काय सोन्याचं भांडं होतं?"

जानरावांनी वाटीत बोट फिरवले. तळाशी हिरवट बोटभर डाग उमटला होता. भुरक्याला त्या बाटलीचीच चव होती. कडवट, हिरवट, धातूची. त्यात तसूभर फरक नव्हता. सोळा वर्षांच्या त्या बाटलीत कोणाचाच हात फिरला नव्हता. हात फिरला होता तो वाटीत, आणि तो त्यांचाच होता. विटाळ जावा म्हणून त्यांनी जितके घासले, तितका दोष आत येत गेला.

त्यांनी बायकोला सारे सांगितले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे त्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास तुमी काढला."

"साहेबाले सांगावं लागन."

"सांगा ना मंग."

"सांगतलं तं जातीत कळते. जात गेली तं जाते. पन बाजारात माझा शब्द कोन घेईन?"

"मंग तंबाखूच चघळत बसाचं होतं," माणिकबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

जानरावांपुढे एक सोपी वाट होती, आणि ती त्यांना दिसली नाही असे नाही. वाटीला कल्हई लावून घ्यावी. पुढची बाटली चांगली आहे असे सांगावे. आधीची एकच खराब निघाली असेल, असे म्हणावे. साहेब खूश, जात शाबूत, शब्द शाबूत. या युक्तिवादात त्यांना एकही छिद्र सापडत नव्हते. फक्त त्यात बुऱ्हान मियाँना कुठेच जागा नव्हती.

त्या सायंकाळी त्यांनी वाटी साहेबाच्या मेजावर पालथी घातली. "साहेब, त्याच पेटीतली दुसरी बाटली काढा. आज मले तुमच्या ग्लासात द्या."

साहेब क्षणभर थबकला. या माणसाने सगळा हिवाळाभर ग्लासाला बोट लावले नव्हते. मग त्याने ग्लास भरला, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुढे केला. जानरावांनी डोळे मिटले.

कडवटपणा नव्हता, धार नव्हती. तोंडात जे आले त्याला त्यांच्याजवळ नाव नव्हते. ते हिरडा नव्हते, अंबाडी नव्हते, नव्या मोटेचे चामडेही नव्हते. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की निदान शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ज्या ज्या वाइनला त्यांनी जे जे म्हटले, त्यातले वाइनचे किती आणि वाटीचे किती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कल्हई एका दिवसात जात नाही. कोणत्या दिवसापासून ते चुकू लागले, तो दिवस त्यांना कधीच सापडणार नव्हता. साहेबाच्या वहीतले ते शब्द तसेच राहणार होते.

"वाइन बेदाग आहे," ते म्हणाले. "खोट वाटीत निघाली." आणि त्यांनी कल्हईची गोष्ट सांगितली.

साहेबाने पालथी वाटी उचलून आत पाहिले. "लेकिन हमको भी कड़वा लगा था," तो म्हणाला.

"मी सांगतलं म्हनून लागलं साहेब."

यावर साहेबाचा चेहरा लाल झाला. तो उठला, दोन येरझारा घातल्या, मग खाली बसून त्याने बुऱ्हान मियाँच्या चांगल्या चालीची चिठ्ठी लिहिली आणि ती जानरावांच्या हाती दिली.

मूर्तिजापूरमार्गे बैलांची हलकी दमणी हाकत जानराव तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचले. बुऱ्हान मियाँ मोर्णा नदीच्या काठी बहिणीच्या घरी राहत होते. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी चिठ्ठी पाहिली, वाटीची हकीकत ऐकली, आणि चिठ्ठीची घडी घालून ती परत केली.

"ये काग़ज़ साहब लोगां का है, जानरावजी. बाज़ार को काग़ज़ पढ़ना नहीं आता. वहाँ तो आपकी ज़बान चलती है."

"म्हंजे?"

"जहाँ चोर बोला गया, वहीं साव बोलो. सबके सामने. कटोरी के साथ." मग त्यांनी हात झटकला. "नहीं होता तो मत करो. मेरे को मालूम है, आपको कितने का पड़ेगा. मेरे को कितने का पड़ा, वो भी मालूम है."

जानरावांनी चिठ्ठी उपरण्याच्या टोकाला बांधली. "उद्या निघू," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी गाड्या लागल्या तेव्हा जानराव आपल्या जागेवर बसले नाहीत. ते एका रिकाम्या गाडीवर उभे राहिले. त्यांच्या हातात वाटी होती. गाडीखाली बुऱ्हान मियाँ छातीवर हात बांधून उभे होते.

"राजेहो, आयका," जानराव म्हणाले. "साहेबाच्या बाटलीत मिसळ आहे असं मी म्हन्लं होतं. ती खोटी गोष्ट होती. मी या वाटीत पेलो, आन या वाटीची कल्हई गेलती. मियाँच्या हातात काही खोट नव्हती. खोट माझ्या भांड्यात होती."

कोणीतरी हसले. मग कोणीतरी म्हणाले, "म्हंजे जानराव, तुमी दारू पेले?"

"पेलो. शेवटी साहेबाच्या ग्लासात बी पेलो."

हसणे थांबले. दर्यापूरकडचा म्हातारा शेतकरी नत्थुजी आपल्या गाडीच्या जुवावर टेकून उभा होता. तो सावकाश पुढे आला.

"दारूचं तुमचं तुमी पाहा बाप्पा," तो म्हणाला. "मले एक सांगा. गेल्या म्हैन्यात तुमी माह्या कापसाले ओला म्हन्लं. म्या मानलं. आता तो बी वाटीतलाच ओला होता का?"

जानराव वाटीकडे पाहत राहिले. हाताला कल्हई नसते, हे उत्तर त्यांच्या ओठावर आले होते. ते अचूक होते, आणि महिनाभरापूर्वी त्यांनी ते दिलेही असते.

"ओला होता असंच मले अजूनबी वाटते," ते म्हणाले. "पन वाइनबी मले तशीच वाटली होती. तो माल गेला नत्थुजी. आता ते कोनालेच दाखवता येत नाही."

नत्थुजीने मान हलवली. त्यात राग नव्हता. तो माघारी गेला, बैल जुंपले आणि गाडी दुसऱ्या पारख्याकडे वळवली. तिच्यामागे आणखी पाच-सहा गाड्या वळल्या. चार उरल्या. पहिल्या गाडीत हात घालण्याआधी जानरावांनी मालकाला म्हटले, "आधी तुमी चिमूट काढा, आन तुमाले काय वाटते ते सांगा. मंग मी." त्यांनी ती रीत त्या दिवशी सुरू केली आणि पुढे सोडली नाही. चार गाड्यांना दोन प्रहर लागले.

जातीचा निकाल पंधरा दिवसांनी लागायचा होता; तोवर शेजारच्या विहिरीवर त्यांच्या घागरीला जागा नव्हती. साहेबाने बुऱ्हान मियाँना पुन्हा ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. त्यांनी चिठ्ठी तेवढी घेतली. "जिस घर में एक बार शक हुआ, वहाँ हर किल्ली भारी लगती है," ते म्हणाले, आणि अकोल्याला नव्याने आलेल्या दुसऱ्या साहेबाकडे निघाले.

जानराव त्यांना मूर्तिजापूरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. गाडीवान बैलांना पाणी दाखवीत होता. बुऱ्हान मियाँ वर चढून बसले, गाठोडे मांडीवर घेतले, आणि एकाएकी खाली वाकले.

"एक बात बताओ जानरावजी. तीस बरस मैंने ये चीज़ गिलासां में उँडेली. अल्ला क़सम, एक बूँद ज़बान को नहीं लगाई. गिलास में कैसी थी वो?"

जानरावांनी तोंड उघडले. जांभूळ म्हणावे, असे त्यांच्या मनात आले. पण तो शब्द वाटीतून मिळालेला होता, आणि त्याच्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी बराच विचार केला.

"मियाँ, मले सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "तसा घोट मी एकच घेतला."

"एक घूँट?" बुऱ्हान मियाँ दाढीतल्या दाढीत हसू लागले. "एक घूँट में जात भी गई, आधा बाज़ार भी गया, और चव भी नहीं सांगता आती?"

"नाही आली."

गाडीवानाने बैलांच्या पाठीवर थाप मारली. गाडी हलली, तरी बुऱ्हान मियाँ मान वळवून हसतच होते. थोड्या वेळाने जानरावांनाही हसू आले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.